सोन्याचा वर्ख आणि एक शंका

फर्स्ट इयरला हॉल इफेक्टचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलं. खरं सांगायचं तर मी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवली होती. हा हॉल कोण, हेही मला माहीत नव्हतं!

एडविन हर्बर्ट हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात झाला. पदवीनंतर दोन वर्षं त्यांनी शाळेत नोकरी केली आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. हेन्री रोलंड यांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. तिथे मॅक्सवेलच्या ग्रंथातलं एक विधान त्यांना पटेना. चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तारेतल्या करंटवर नाही, असं मॅक्सवेलचं मत होतं. एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढायची, तीही विद्यार्थ्याने! पण रोलंड सरांनाही तीच शंका होती.

हॉल यांचे पहिले प्रयत्न फसले. मग सरांच्या सल्ल्याने त्यांनी काचेवर सोन्याचा वर्ख बसवला, त्यातून करंट सोडला आणि काटकोनात चुंबकीय क्षेत्र दिलं. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी गॅल्व्हानोमीटरची सुई हलली. आडवा व्होल्टेज मिळाला! उंब्रजहून कॉलेजला येताना एसटी वळली की उभे प्रवासी एका बाजूला कलतात ना, तसंच काहीसं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती.

१८८१ पासून १९२१ पर्यंत त्यांनी हार्वर्डमध्ये शिकवलं. शाळेतल्या मुलांनी स्वतःच्या हाताने करायच्या प्रयोगांची यादीही त्यांनी तयार केली. २० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यांचा प्रयोग थांबला नाही. १९८० साली क्लिट्झिंग यांना अतिथंड तापमानात आणि प्रचंड चुंबकीय क्षेत्रात हॉल रोध पायऱ्या-पायऱ्यांनी बदलताना दिसला. १९८२ मध्ये अपूर्णांकाच्या पायऱ्या सापडल्या. तिथे सगळे इलेक्ट्रॉन मिळून असे वागतात की जणू एक-तृतीयांश विद्युतभाराचे कण फिरताहेत! आणि २०२३ मध्ये मॉलिब्डेनम डायटेल्युराइडचे दोन अतिपातळ थर एकमेकांवर सुमारे ३.७ अंशांनी फिरवून ठेवले, तर बाहेरून चुंबकीय क्षेत्र न देताच असे अपूर्णांक मिळाले.

हे सगळं वाचून मला लाज वाटली. गेल्या महिन्यात लॅबमधल्या काकांना विनंती करून तेच प्रॅक्टिकल पुन्हा केलं. रीडिंग्ज सीनियरपेक्षा वेगळी आली. या वेळी मी तीच लिहिली.