अहिल्याबाईंनी सुनावलं आणि संगमनेरच्या अनंत फंदींनी हातातला डफ फोडला

इन्स्टाग्राम उघडलं की चार पोस्टमागे एखादा तत्त्वज्ञ भेटतोच. सॉक्रेटिस बायकोची बोलणी खातोय, नीत्शेला सोमवारी सकाळी अंथरुणातून उठवत नाहीये, सार्त्र आणि काम्यू कॅफेतल्या बिलावरून भांडतायत. एक्झिस्टेन्शियल कॉमिक्स नावाचं एक वेबकॉमिक तर २०१३ पासून जवळपास एवढ्याच भांडवलावर चाललंय. मोठमोठे विचार, त्यांच्यामागची मोठमोठी नावं आणि त्यांची जमिनीवर आणून केलेली फजिती.

हा धंदा इंटरनेटने शोधलेला नाही. इसवी सन पूर्व ४२३ मध्ये अथेन्समध्ये ॲरिस्टोफेनिसने एक नाटक लावलं आणि त्यात जिवंत सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत लटकवला. का, तर विचार उंच व्हावेत म्हणून. प्रेक्षक हसले. पुढे २४ वर्षांनी त्याच शहराने सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला.

आपल्याकडे हे काम भारूडाने केलं, तमाशाने केलं आणि शाहिरांनी केलं. त्यातला एक भिडू होता संगमनेरचा. नाव अनंत फंदी.

शाळेत ज्यांनी हे नाव वाचलंय त्यांच्या डोळ्यासमोर येतो तो फटका. आयुष्यात काय करू नये याची लांबलचक यादी देणारा. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे कुणीतरी कडक शिस्तीचे मास्तर असणार. प्रत्यक्षात हा माणूस तमाशाच्या फडावर डफ वाजवत मोठा झाला होता.

तर गोष्ट सुरू होते १७४४ साली. संगमनेर म्हणजे प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावरचं गाव. तिथल्या एका यजुर्वेदी ब्राह्मण घरात अनंताचा जन्म झाला. घराण्याचं आडनाव घोलप, वडिलांचं नाव भवानीबावा. त्या काळी अशा घरातल्या पोराचं पुढे काय होणार हे साधारण ठरलेलं असायचं. पोथी, पूजा, हिशेब, फार तर सरदाराच्या पदरी कारकुनी.

पण या पोराला नाद लागला गाण्याचा, आणि दोस्तीही झाली ती एका फकिराशी.

संगमनेरातच राहणाऱ्या या फकिराचं नाव मलिक फंदी. फंद म्हणजे नाद, छंद, नसती उठाठेव. छंदीफंदी माणूस हा शब्द आपण आजही वापरतो, तोच हा फंद. या दोघांची मैत्री इतकी घट्ट झाली की लोकांनी फकिराचं नाव अनंतालाही चिकटवलं. घोलप मागे पडलं ते कायमचं. ब्राह्मणाच्या पोराने मुसलमान फकिराचं नाव आडनाव म्हणून मिरवलं आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही ते तसंच नोंदवलं गेलं.

आता तमाशा म्हणजे त्या काळी नेमकं काय होतं, तेही सांगायला हवं. आज आपण ज्याला वगनाट्य म्हणतो ते नंतरच्या काळात आलं. उत्तर पेशवाईतल्या फडावर डफ, तुणतुणं आणि झांज असायची, बाईच्या वेशात नाचणारा पोरगा असायचा, मुख्य शाहीर आणि त्याच्यामागे सूर धरणारे साथीदार असायचे. शृंगारिक लावणी असायची, पराक्रमाचा पोवाडा असायचा. आणि असायचा कलगी-तुरा.

हे कलगी-तुरा प्रकरण म्हणजे आजच्या तत्त्वज्ञानाच्या मीम्सचं पणजोबा म्हणायला हरकत नाही.

शाहिरांचे दोन पक्ष. तुरेवाले शिवाची, पुरुषाची बाजू घेणार. कलगीवाले शक्तीची, प्रकृतीची. सांख्य दर्शनाचा हा गाभा. पुरुष म्हणजे नुसती बघत राहणारी जाणीव आणि प्रकृती म्हणजे सगळा पसारा मांडणारी, राबणारी शक्ती. काशीच्या पंडिताला हे समजायला बारा वर्षं लागतील. पण गावच्या चावडीसमोर बसलेल्या माणसाला यात ओट्यावर बसून राहिलेला नवरा आणि घरभर राबणारी बायकोच दिसणार. मग सवाल सुरू. आधी कोण, बी की झाड? तुझा शिव इतका मोठा तर शक्तीवाचून हलून दाखवू दे. जबाब तितकाच तिखट यायचा. कोडी घालायची, पुराणातले अडचणीचे प्रसंग काढायचे, समोरच्याला गप्प करायचं. ज्या रचनांत अशी गूढ कोडी असायची त्यांना भेदिक म्हणत. वेदान्त आणि सांख्य शास्त्रातल्या गोष्टी अशा रात्रभर कंदिलाच्या, मशालीच्या उजेडात हसत खिदळत चघळल्या जायच्या, आणि ऐकणाऱ्यांत बहुतेकांना अक्षरओळखही नसायची.

याच्याही मागे जायचं तर पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारूडांतून हेच केलं होतं. सासू, सासरा, नणंद यांच्याबद्दल सून कुरकुर करते आणि ऐकणारा हसता हसता थबकतो, कारण ही सगळी मंडळी म्हणजे मनातले विकार असतात. म्हणजे अनंत फंदींच्या हाती डफ आला तेव्हा त्या डफाला चांगली दोनशे वर्षांची पार्श्वभूमी होती.

त्यांचे समकालीनही भारी होते. सोलापूरचे राम जोशी, पुण्याचे गवळी समाजातले होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर. संगमनेरहून फार लांब नसलेल्या सिन्नरजवळच्या वावीचे परशराम, जातीने शिंपी. ब्राह्मण, गवळी, शिंपी, मुसलमान असे सगळे एकाच धंद्यात आणि एकमेकांशी स्पर्धेत. पेशवाईत एवढी सरमिसळ दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात दिसली असती तर त्याचा बोभाटा झाला असता.

बोभाटा इथेही व्हायचाच. ब्राह्मणाने तमाशात उभं राहणं म्हणजे घराण्याला बट्टा. त्याच काळात बारामतीत मोरोपंत होते. संस्कृतप्रचुर आर्या रचणारे, विद्वानांत मान असलेले. पंतकवी आणि शाहीर यांच्यात अशी भिंत होती. दोघेही मराठीतच लिहिणारे, पण एकाला पालखी आणि दुसऱ्याला नावं ठेवणं.

अनंत फंदींनी ही नावं ठेवणं बरीच वर्षं पचवलं. फड घेऊन ते गावोगाव फिरत राहिले. आणि असंच फिरत असताना आयुष्यातला तो प्रसंग घडला जो आजही त्यांच्या नावाबरोबर सांगितला जातो.

नर्मदेकाठी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचं राज्य होतं. खरं म्हणजे अहिल्याबाई या फंदींच्या मुलखातल्याच. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. ज्या अहमदनगर जिल्ह्यात संगमनेर आहे त्याच जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय ते त्यांच्यावरूनच. १७६७ मध्ये त्यांच्या हाती कारभार आला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी तो सांभाळला. विद्वानांचा आदर, कलावंतांना आश्रय आणि वागण्यात कमालीचा साधेपणा यासाठी त्यांची ख्याती होती.

परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी की फंदींची कीर्ती बाईंच्या कानावर गेली. शाहीर समोर आले. बाईंनी कौतुकाऐवजी कानउघाडणी केली. इतकी जबरदस्त प्रतिभा आहे, जन्म ब्राह्मणाच्या घरातला आहे आणि ती सगळी तमाशात उधळायची? हीच वाणी देवाच्या कामी लावली तर किती लोकांचं भलं होईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

फंदींनी हातातला डफ फोडला. तमाशा सोडला आणि कीर्तनाला उभे राहिले.

ही गोष्ट साधारण इथेच टाळ्यांवर थांबवली जाते. वाट चुकलेला माणूस मार्गाला लागला, विषय संपला. पण जरा थांबून बघितलं तर ती एवढी सरळ नाही.

एक तर डफ हे शाहिराचं हत्यार आणि पोट, दोन्ही. तो फुटला तेव्हा मागे सूर धरणाऱ्या साथीदारांचं, नाचणाऱ्या पोराचं काय झालं, हे कुठल्याच आख्यायिकेत येत नाही. मुख्य शाहिराला कीर्तनकार म्हणून दुसरा मानाचा रस्ता मोकळा होता, कारण जन्म ब्राह्मणाचा होता. बाकीच्यांना तो होताच असं नाही. अहिल्याबाईंचा सल्लाही त्या काळाच्या चौकटीतलाच होता. तमाशा हलका आणि कीर्तन थोर ही उतरंड त्यांनी बनवली नव्हती, पण मानली होती.

दुसरं म्हणजे कीर्तनात गेल्यामुळे माणूस बदलतो थोडाच! मराठी कीर्तन काही गंभीर चेहऱ्याने ऐकायची गोष्ट नाही. पूर्वरंगात तत्त्व मांडायचं आणि उत्तररंगात आख्यान रंगवायचं, मध्ये कोट्या, नकला, समोरच्या श्रोत्याची थट्टा. राम जोशींचंही असंच झालं होतं. तेही तमाशातून कीर्तनात आले आणि त्यांनी मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोचवल्या. पंडितांचं काव्य लोकांच्या तोंडी बसवायला शेवटी शाहीरच लागला. याच राम जोशींवर पुढे १९४७ मध्ये सिनेमा आला. फंदींच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, आणि त्यांचं आयुष्य बघता सिनेमावाल्यांनी मोठी संधी घालवली असंच म्हणावं लागेल.

मग आला फटका. हा काव्यप्रकार मराठीत रुजवण्याचं श्रेय अनंत फंदींना दिलं जातं. नावातच सगळं आलं. फटका म्हणजे चापट, तडाखा. भल्यामोठ्या ग्रंथात चार अध्याय खर्चून सांगितलेलं नीतिशास्त्र इथे एका ओळीत यायचं आणि ओळ संपताना पाठीत धपाटा बसायचा. सरळ रस्त्याने चाला, दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवू नका, फुकटच्या भांडणात पडू नका, मोठेपणाच्या गमजा मारू नका. मोक्ष, माया, ब्रह्म यांतलं काही नाही. दुकानदाराला, कुळाला, कारकुनाला उद्या सकाळी उपयोगी पडेल एवढंच.

गंमत अशी की या उपदेशाचा ठेका मात्र तमाशातलाच राहिला. डफ फुटला तरी त्याची थाप ओळींत शिल्लक होती. म्हणूनच तो पाठ होतो. कोरडा उपदेश असता तर दोनशे वर्षांत कधीच विसरला गेला असता.

या माणसाने आपल्या डोळ्यांनी काय काय पाहिलं त्याचाही हिशेब मांडायला हवा. पानिपत झालं तेव्हा ते १६-१७ वर्षांचे होते. १७९५ हे वर्ष तर सगळ्याच बाजूंनी विलक्षण. मार्चमध्ये त्यांच्याच आजच्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड असे सगळे मराठे सरदार एकत्र लढले ते हे शेवटचं. फंदींनी या लढाईचा पोवाडा रचला. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरमध्ये विशीतला सवाई माधवराव पेशवा शनिवारवाड्यातून खाली पडून गेला. खर्ड्याच्या विजयाला आठ महिनेही झाले नव्हते. सवाई माधवरावाच्या शेवटावर फंदींनी माधवनिधन नावाचा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. पोवाडा लिहिणारा हात ओवीकडे वळला, यात त्या वर्षाचा मोठा वाटा असावा.

त्यानंतर सगळं घसरतच गेलं. १८०० मध्ये नाना फडणवीस गेले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुणे जिंकलं आणि दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पाठोपाठ दख्खनमध्ये भयानक दुष्काळ पडला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. शाहिराला बिदागी देणारे वाडे एकेक करून ओस पडले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत अनंत फंदी गेले.

तमाशातली, फडावरची रचना ही बोलून चालून तोंडी. लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नसे. त्यामुळे पेशवाईतल्या शाहिरांचं किती हरवलं याची मोजदाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅरी ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे जमवले आणि १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला. तेव्हा कुठे सुशिक्षित मराठी वाचकाला आपल्या शाहिरांकडे वाङ्मय म्हणून बघायची सवय लागली. ज्यांना एकेकाळी घराण्याचा बट्टा म्हटलं जायचं त्यांच्यावर मग प्रबंध लिहिले जाऊ लागले.

फटक्यालाही पुढे वारसदार मिळत गेले. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा कुसुमाग्रजांना देशवासीयांचे कान उपटायचे होते. त्यासाठी या ज्ञानपीठविजेत्या कवीने मुक्तछंद बाजूला ठेवला आणि निवडला तो फटकाच. ती कवितासुद्धा शाळेच्या पुस्तकात गेली.

संगमनेरात आता त्यांच्या नावाने व्याख्यानमाला भरते. कवी अनंत फंदी व्याख्यानमाला. महाराष्ट्रभरातले विचारवंत, लेखक, पत्रकार तिथे येऊन बोलतात, आणि गाव ऐकायला जमतं. फंदी हे आडनाव एका फकिराचं होतं, हे तिथल्या जुन्या लोकांना अजून ठाऊक आहे. नव्या पोरांना मात्र सांगावं लागतं.