विश्वेश्वरय्यांचा मेथॅनॉल कारखाना: लाकडापासून कोराडीच्या धुरापर्यंत

१५ सप्टेंबर आला की व्हॉट्सॲपवर इंजिनिअर्स डेचे मेसेज सुरू होतात. सोबत पगडी घातलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फोटो असतोच. धरणं बांधणारे मोठे इंजिनिअर, एवढं आपल्याला माहीत असतं. पण याच माणसाने सहा वर्षं एक असा कारखाना सांभाळला, जिथे लाकडापासून मेथॅनॉल निघायचं. आज जग कमी कार्बनचं मेथॅनॉल शोधतंय, तेव्हा ही गोष्ट एकदा वाचायलाच हवी.

आधी थोडक्यात: मेथॅनॉल म्हणजे काय?

सगळ्यात साधं अल्कोहोल. पण हे विष आहे; थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जातो. प्लायवूडचा गोंद, रंग, औषधं यांच्या मागे हेच रसायन असतं. आता ते जहाजांचं इंधनही होतंय. भारत आपल्या गरजेचं बहुतेक मेथॅनॉल बाहेरून आणतो.

पुणे, नाशिक, खडकवासला

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत बंगळुरूला बीए केलं आणि इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला आले. तेच आजचं सीओईपी. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि पहिली नेमणूक नाशिकला झाली. पुढे खानदेशात काम केलं. खडकवासल्याला पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. म्हणजे करिअरची सुरुवात पूर्ण महाराष्ट्रातली!

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानात चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण होते. त्याच काळात त्यांनी लोखंडाच्या कारखान्याची योजना पुढे रेटली.

कोळसा नाही? मग लाकूड!

जागा होती भद्रावती. आपल्या चंद्रपूरची नव्हे, शिमोग्याजवळची. तिथे लोहखनिज होतं, जंगल होतं, पण दगडी कोळसा नव्हता. म्हणून लोणारी कोळसा वापरायचं ठरलं.

लाकूड उघड्यावर जाळलं तर धूर हवेत जातो. तेच बंद भांड्यात, हवेशिवाय तापवलं तर मागे कोळसा राहतो आणि वाफ थंड करून मेथॅनॉल, ॲसेटिक आम्ल आणि डांबर मिळतं. हिशोब सरळ होता: ही जोड-उत्पादनं विकायची, म्हणजे कोळसा स्वस्त पडेल आणि लोखंडही. जानेवारी १९२३ मध्ये कारखाना सुरू झाला.

आणि बाजारच पलटला

त्याच वर्षी जर्मनीत, लॉयना इथे, बीएएसएफ कंपनीने कोळशापासून बनवलेला वायू प्रचंड दाबाखाली उत्प्रेरकावरून नेऊन मेथॅनॉल काढायला सुरुवात केली. हे मेथॅनॉल इतकं स्वस्त होतं की थोड्याच वर्षांत जगभरच्या लाकूडवाल्या कारखान्यांचं गणित कोलमडलं. अमेरिकेने तर आपले कारखाने वाचवायला आयात शुल्क वाढवलं. भद्रावती याच बाजारात उभी होती. त्यात महायुद्धानंतर लोखंडाचे भावही पडलेले.

तोटा वाढत असताना १९२३ मध्ये विश्वेश्वरय्यांकडे संचालक मंडळाचं अध्यक्षपद आलं. वय साठीच्या पुढे. त्यांनी खर्च कापला, परदेशी अधिकाऱ्यांच्या जागी भारतीय माणसं तयार केली आणि नुसतं कच्चं लोखंड विकण्याऐवजी त्याचे नळ ओतायला सुरुवात केली. १९२९ मध्ये बाहेर पडले तेव्हा कारखाना सावरला होता. या कामाच्या मोबदल्याची साचलेली रक्कम त्यांनी बंगळुरूच्या एका तंत्रशिक्षण संस्थेसाठी दिली. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

आता कोराडीकडे येऊ

मी कोराडीचा. आमच्याकडे जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्यांना देवळाआधी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे तीन संच इथे कोळशावर चालतात. मित्र विचारतात, या धुराचं मेथॅनॉल का करत नाही?

करता येतं. एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचं मेथॅनॉल करणारा प्रकल्प उभारलाय. कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजनशी जोडलं की मेथॅनॉल आणि पाणी मिळतं.

पण विश्वेश्वरय्यांसारखी वही उघडून हिशोब करू. एक टन मेथॅनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला अंदाजे ५० युनिट वीज जाते. म्हणजे एका टनामागे साडेनऊ हजार युनिट! ही वीज कोळशाचीच असेल, तर एका युनिटमागे सुमारे ०.९ किलो धरून साडेआठ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. दीड टन वाचवायला साडेआठ टन सोडायचा? हा घाट्याचा सौदा. तीच वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तरच गणित जमतं, आणि आज ती मिळवून बनवलेलं मेथॅनॉल नेहमीच्या मेथॅनॉलपेक्षा बरंच महाग पडतं.

भद्रावतीचं मेथॅनॉलही दगडी कोळशाशिवाय बनत होतं, पण त्यासाठी जंगल तुटत होतं. म्हणून बातमीत ग्रीन मेथॅनॉल दिसलं की तीन प्रश्न विचारा: कार्बन कुठून आला? हायड्रोजन कुठल्या विजेवर बनला? आणि उद्या भाव पडले तर कारखाना तगेल का?

तिसऱ्या प्रश्नावर भद्रावतीची भट्टी विझता विझता राहिली. कोराडीत उद्या असा काही प्रकल्प आला, तर इथल्या पोरांच्या नोकऱ्याही त्याच प्रश्नावर उभ्या असतील.