केशवसुत : तेविशीत मॅट्रिक झालेला शिक्षक आणि इंग्रजी कवितेचे कालखंड



आपल्या शहापूर-मुरबाडकडची अनेक मुलं आता इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करतात. घरात त्या विषयाचं पहिलंच पुस्तक त्यांच्यामुळे येतं. मग एलिझाबेथन, पुरिटन, रोमँटिक, व्हिक्टोरियन अशी कालखंडांची यादी समोर येते आणि सनावळ्यांची घोकंपट्टी सुरू होते. पेपर झाला की सगळं विसरायला होतं. हे कालखंड डोक्यात बसवायचे असतील तर एखाद्या माणसाचं आयुष्य हाताशी घ्यावं. आज आपण केशवसुतांचं आयुष्य घेऊ. ते आपल्यासारखेच शाळामास्तर होते आणि इंग्रजी कवितेतला एक अख्खा कालखंड त्यांनी मराठीत आणून लावला.

त्यांचं पूर्ण नाव कृष्णाजी केशव दामले. जन्म 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडचा. वडीलही शिक्षक होते. घर मोठं, पैसा बेताचा. पण घरात अभ्यासाची गोडी किती होती बघा, धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी पुढे मराठीचं जे व्याकरण लिहिलं, ते आजही अभ्यासक उघडून बघतात.

कृष्णाजीचं शिक्षण मात्र सरळ रेषेत झालं नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झालं. शाळेसाठी खेड, बडोदा, वर्धा, नागपूर अशी गावं बदलावी लागली. नागपुरात रेव्हरंड टिळकांशी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांशी ओळख झाली आणि कवितेचा नाद पक्का झाला. नंतर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी 1880 मध्ये सुरू केलेली ही शाळा. तिथून ते 1889 मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा वय तेविशीत होतं! आज एखादं मूल एक वर्ष मागे पडलं तर आपण पालकसभेत केवढी काळजी करतो. या मुलाचं तर गाव बदलण्यात आणि पुन्हा नव्या शाळेत रुळण्यात पौगंडवय सरलं.

पण याच वर्षांत तो इंग्रजी कविता वाचत होता. त्यानं काय वाचलं असेल, हे कळायला कालखंडांची ओळख करून घेऊ. आपण आपल्या मराठी सनांच्या आधाराने जाऊ, म्हणजे लक्षात राहील.

ज्ञानेश्वरी झाली 1290 मध्ये. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी इंग्लंडात चॉसर लिहीत होता. तिकडे दरबारात फ्रेंच आणि विद्वानांत लॅटिन चाले. त्यानं लोकांच्या बोलीतली इंग्रजी निवडली. संस्कृत बाजूला ठेवून मराठीत सांगायला बसलेले ज्ञानदेव आठवा, म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीचा हा कालखंड लगेच कळेल. पुढे एलिझाबेथ राणीचा काळ आला, 1558 ते 1603. शेक्सपिअर याच काळातला. आपल्याकडे तेव्हा एकनाथ महाराजांचं कार्य चालू होतं. मग मिल्टन. त्याचा जन्म 1608 चा, आणि तुकोबांचं जन्मवर्षही बहुतेक अभ्यासक हेच मानतात. मिल्टन वारला 1674 मध्ये, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. एवढं सांगितलं की हा सन मुलं सहसा विसरत नाहीत.

अठराव्या शतकात पोप आणि जॉन्सन यांचा काळ आला. नेमकेपणा, नियम, शहाणपण आणि टोमणे यांना त्यात मान होता. आपल्या पंडित कवींनी वृत्त-अलंकारांची जी शिस्त पाळली, ती डोळ्यांसमोर आणा. मग 1798 मध्ये वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा कवितासंग्रह निघाला आणि वारं फिरलं. शेतमजूर, भिकारी, लहान पोर, डोंगर, वारा आणि कवीचं स्वतःचं मन हे कवितेचे विषय झाले. हाच रोमँटिक कालखंड. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, त्या सुमारास शेली आणि कीट्स ऐन भरात लिहीत होते. त्यानंतर 1837 ते 1901 हा व्हिक्टोरिया राणीचा काळ.

आता या रांगेत आपला कृष्णाजी कुठे उभा राहतो ते बघा. त्याचा जन्म व्हिक्टोरियन काळातला. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघालं होतं, इंग्रजी शाळा वाढत होत्या. आगरकरांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट 1883 मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं होतं. पालग्रेव्हचा 1861 चा 'गोल्डन ट्रेझरी' हा संग्रह इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती येत होता. त्याचे चार भाग अनुक्रमे शेक्सपिअर, मिल्टन, ग्रे आणि वर्ड्सवर्थ यांच्या काळाभोवती रचलेले होते. म्हणजे इंग्लंडला जे टप्पे ओलांडायला तीनशे वर्षं लागली, ते आपल्याकडच्या वाचकापुढे एकाच पुस्तकात आले. त्यातला रोमँटिक टप्पा केशवसुतांच्या मनात रुजला.

तोपर्यंतची मराठी कविता संत, पंत आणि तंत या तीन वाटांनी चालत होती. केशवसुतांनी चौथी वाट पाडली. अस्पृश्य ठरवलेलं एक पोर खेळता खेळता हाकललं जातं आणि घरी येऊन आईला त्याचं कारण विचारतं, यावर त्यांनी 1888 मध्ये कविता लिहिली. तेव्हा ते स्वतः मॅट्रिकही नव्हते. पुढच्याच वर्षी उपासमारीची पाळी आलेल्या मजुरावर लिहिलं. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतली कातकरी, ठाकर कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि वर्गातले काही बाक रिकामे होतात. त्या दिवसांत ही कविता वर्गात वाचून बघा. मुलांना समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

दुसरी गोष्ट चौदा ओळींच्या कवितेची. हा प्रकार मूळचा इटलीचा. सोळाव्या शतकात तो इंग्लंडात गेला, शेक्सपिअर आणि मिल्टननं तो गाजवला. 1892 मध्ये केशवसुतांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून तो मराठीत आणला. शहाजहानच्या दोन निर्मितींपैकी मयूरासन 1739 मध्ये नादिरशहानं लुटून नेलं, ताजमहाल मात्र उभा राहिला, हा तिचा विषय. या प्रकाराला पुढे सुनीत हे नाव रूढ झालं. त्यांची 'आम्ही कोण?' हीसुद्धा चौदा ओळींची आहे, पण वृत्त आपलं शार्दूलविक्रीडित! घाट इटलीचा, तो आला इंग्लंडमार्गे, चाल संस्कृतची आणि बोल मराठी. यालाच खरं शिकणं म्हणावं. नक्कल करणाऱ्यानं आधी शार्दूलविक्रीडित टाकून दिलं असतं.

वाऱ्याचंही तसंच. शेलीनं इटलीत असताना पश्चिमेच्या वाऱ्यावर कविता लिहिली. तो वारा शरद ऋतूतला, पानं उडवणारा. केशवसुतांनी नैर्ऋत्येच्या वाऱ्याला हाक मारली, कारण खानदेशात बसलेल्या या कोकणी माणसाला तो घरची आठवण घेऊन येणारा वाटला. हाच वारा जूनमध्ये माहुलीच्या सुळक्यांवर आणि माळशेज घाटात ढग आणतो. मुलांना तो पाठ्यपुस्तकातून शिकवायची गरजच नाही, खिडकी उघडली की पुरे.

आता पोटापाण्याचं सांगायला हवं. मॅट्रिकनंतर ते मुंबईला गेले. तिथे शिकवण्याची आणि इतर लहानसहान कामं केली. नोकरी टिकेल याची खात्री नसे, पगार तुटपुंजा. याच ओढाताणीच्या वर्षांत, 1893 मध्ये, 'तुतारी' आणि 'झपूर्झा' लिहून झाल्या. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ते खानदेशात भडगावला शिक्षक म्हणून गेले. 1901 मध्ये फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. तिकडे इंग्लंडमध्ये त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणी वारली आणि तो कालखंड संपला. 1904 मध्ये धारवाडला बदली झाली. पुढच्या वर्षी ते हुबळीला गेले असताना प्लेगनं गाठलं. 7 नोव्हेंबर 1905 रोजी ते वारले, पाठोपाठ पत्नीही गेली. वय जेमतेम एकोणचाळीस.

हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. कविता मासिकांत छापून येत, त्यात जळगावचं 'काव्यरत्नावली' मुख्य. सगळ्या मिळून सुमारे 135 कविता. त्या एकत्र करून हरि नारायण आपट्यांनी 1917 मध्ये पुस्तक काढलं. आपट्यांनी हे काम केलं नसतं तर त्यातल्या कितीतरी कविता जुन्या अंकांतच राहिल्या असत्या. पण पुस्तक यायच्या आधीच वाट रुळली होती. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, स्वतःला त्यांचा चेला म्हणवून घेत. बालकवींनीही निसर्गकविता पुढे नेली. म्हणूनच केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. मालगुंडला त्यांचं स्मारक आहे, कोकणात सहल नेलीत तर जरूर दाखवा.

पालकांना एक विनंती. मूल इंग्रजी शिकलं की मराठीपासून तुटेल, किंवा मराठीत रमलं तर इंग्रजीत मागे पडेल, अशी भीती आपल्याकडे बोलून दाखवली जाते. केशवसुतांच्या बाबतीत दोन्ही भाषांनी एकमेकींना मदतच केली. इंग्रजीतून त्यांना विषय आणि घाट मिळाले. ते पेलायला मराठी मात्र घरातून, वृत्तांच्या सरावातून पक्की झालेली होती.

आणि शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम. वर्गाच्या भिंतीवर एक लांब दोरी बांधा. वरच्या बाजूला ज्ञानेश्वरी, एकनाथ, तुकाराम, राज्याभिषेक, पेशवाईचा शेवट, केशवसुत अशा चिठ्ठ्या लावा. खालच्या बाजूला चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, पोप, वर्ड्सवर्थ, व्हिक्टोरिया. वर्ष बघून जागा मुलांनाच ठरवू द्या. मग वर्ड्सवर्थची चिठ्ठी आणि केशवसुतांची चिठ्ठी यांत किती अंतर पडलं ते मोजायला सांगा, आणि एवढा वेळ का लागला असेल, यावर चर्चा करू द्या. छापखाना, इंग्रजी शाळा, विद्यापीठ, प्रवास अशी बरीच कारणं मुलं स्वतःच शोधतील. तास संपला तरी दोरी काढू नका. पुढच्या पाठातला कवी आला की त्याचीही चिठ्ठी तिथेच लावता येईल.