योहानेस केप्लर

१५७७ साली युरोपच्या आकाशात एक मोठा धूमकेतू दिसू लागला. धूमकेतू म्हणजे अरिष्टाची चाहूल, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. पण जर्मनीतील काटारीना नावाच्या एका स्त्रीने आपल्या लहान मुलाला उंचवट्यावर नेऊन ते नवल मुद्दाम दाखविले. हा मुलगा म्हणजेच पुढे विख्यात झालेला ज्योतिर्विद योहानेस केप्लर.

त्याचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी व्हाइल या गावी झाला. बाप भाडोत्री शिपाई. तो घर सोडून गेला, तो परतलाच नाही. योहानेसला धर्मोपदेशक व्हावयाचे होते; परंतु १५९४ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे त्याला गणितशिक्षकाची जागा मिळाली. तिच्याबरोबर दरवर्षी पंचांग रचून भविष्य वर्तविण्याचे कामही अंगावर पडले. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी व तुर्कांची स्वारी यांचे भाकीत केले आणि दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या! त्याला स्वतःला अशा भाकितांचा फारसा भरवसा नव्हता. ग्रहताऱ्यांचा माणसावर थोडाफार परिणाम होतो, एवढेच तो मानी. तरी पत्रिका मांडून चार पैसे मिळवावे लागत.

ग्राट्सचा राजा कॅथॉलिक, तर केप्लर प्रॉटेस्टंट होता. पंथ बदला, नाहीतर प्रदेश सोडा, असा हुकूम निघाला. १६०० साली केप्लरने प्रदेश सोडला. प्राग येथे टायको ब्राहे याने घेतलेले ग्रहांचे वेध त्याच्या हाती आले. त्यांवरून ग्रह वर्तुळात नव्हे, तर लंबवर्तुळात फिरतात, हे त्याने १६०९ साली जगापुढे मांडले. पुढे तो लिंझ येथे गेला. तेथे त्याच्याच पंथाच्या उपदेशकाने त्याला प्रभुभोजनास बसू दिले नाही. पंथाच्या मतपत्रातील एक मुद्दा त्याला पटत नव्हता आणि न पटलेल्या गोष्टीखाली तो सही करीना!

याहून मोठे संकट यावयाचे होते. काटारीना झाडपाल्याची औषधे देत असे. तिने दिलेल्या पेयाने आपण आजारी पडलो, असा आरोप १६१५ साली एका बाईने केला. मग गावात ज्याची गाय मेली, ज्याचा पाय लुळा पडला, त्या प्रत्येकाला ती म्हातारी आठवू लागली. चेटकीण ठरलेल्या स्त्रीला त्या काळी जिवंत जाळीत. १६२० साली सत्तरी ओलांडलेल्या काटारीनाला पकडून साखळदंडांनी जखडण्यात आले.

केप्लर लिंझहून धावून आला. ग्रहांचे वेध तपासावे तशी त्याने एकेक साक्ष तपासली. कोणाचे दुखणे आधीपासूनचे होते, कोणाचा पाय ओझे घेऊन खंदकावरून उडी मारताना दुखावला होता, हे त्याने शंभरांहून अधिक पानांच्या लेखी बचावात दाखवून दिले. चेटूक असूच शकत नाही, असे मात्र त्याने म्हटले नाही. तसे म्हणणे त्या न्यायालयात चालले नसते.

अखेर सप्टेंबर १६२१ मध्ये तिला यातना देण्याची हत्यारे दाखवून कबुली देण्यास सांगण्यात आले. काटारीनाने नकार दिला. गुडघे टेकून तिने देवाची प्रार्थना केली. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर तिची सुटका झाली. पण गावकऱ्यांचा राग निवळला नव्हता. तिला आपल्या घरी परतता आले नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये ती वारली. केप्लर लिंझला आपल्या आकडेमोडीकडे परतला होता.

१५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे त्याचे निधन झाले. त्याला गावकुसाबाहेरच्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत पुरले. काही वर्षांतच धर्मयुद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली व त्याच्या थडग्याचा मागमूसही उरला नाही.