महाराजांची पुस्तकपेटी

बावड्यात शिकणाऱ्या आपल्याला राजर्षी शाहू महाराजांची ओळख करून द्यायची गरज नाही. १८७४ साली त्यांचा जन्म इथल्याच लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला. पण याच नावाचा एक खूप मोठा राजवाडा बडोद्याला आहे, आणि मला आज लिहायचं आहे ते तिथल्या राजाबद्दल. सयाजीराव गायकवाड, तिसरे. मी पडले कॉन्व्हेंटची, हिस्ट्रीच्या पुस्तकात हे नाव दीड ओळीत उरकलेलं. नंतर मराठीतून वाचायला लागले तेव्हा कळलं की त्या दीड ओळीत केवढा माणूस कोंबला होता!

त्यांचं मूळ नाव गोपाळ. जन्म ११ मार्च १८६३, नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी. आडनाव गायकवाड असलं तरी घर शेतकऱ्याचं. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी दिली. दूरच्या भाऊबंदांची मुलं बोलावली गेली, त्यात गोपाळची निवड झाली. वय वर्षं बारा, आणि अक्षर ओळख जवळजवळ शून्य. आपण बाराव्या वर्षी सातवीत असतो! या मुलाने तिथून मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकायला सुरुवात केली. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक होते. दिवाण टी. माधवरावांनी कारभार शिकवला. १८८१ च्या डिसेंबरमध्ये, अठराव्या वर्षी, सगळे अधिकार त्यांच्या हातात आले.

उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला वाचनाची किंमत जरा जास्तच कळत असावी, असं मला वाटतं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. (शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच १९१७ मध्ये केलं. त्यांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या, म्हणजे दोन्ही राज्यांचं नातं होतंच.) आपल्या लाइनच्या लोकांसाठी एक गोष्ट : १८९० मध्ये त्यांनी कलाभवन नावाची तांत्रिक शाळा काढली. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके तिथेच शिकले.

पण खरी गंमत पुढे आहे. मुलं चार इयत्ता शिकायची, शेतावर जायची आणि काही वर्षांत अक्षरं विसरायची. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, मग वाचणार काय? म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात. त्या काळी ग्रंथालयं नव्हती असं नाही. आपल्या कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, तेव्हा नाव होतं नेटिव्ह लायब्ररी. पण अशा लायब्रऱ्या बहुतेक वर्गणीवर चालायच्या आणि शहरातल्या शिकलेल्यांसाठीच असायच्या. महाराजांनी अमेरिकेत फिरताना पाहिलं की तिथे कोणीही कामगार लायब्ररीत जातो आणि फुकट पुस्तक घरी नेतो. मग त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपालच बडोद्याला आणला आणि सरकारात ग्रंथालयाचं स्वतंत्र खातं उघडलं.

बोर्डन तीन वर्षं राहिला. त्याने १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी ट्रेनिंगचा वर्ग काढला, असा वर्ग भारतात पहिलाच. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. तो गेल्यावर कुडाळकर नावाच्या आपल्या मराठी माणसाने काम पुढे नेलं. मध्यवर्ती ग्रंथालयाला सुरुवातीला महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली जवळपास २० हजार पुस्तकं दिली. बायकांसाठी वेगळा विभाग होता. मुलांच्या खोलीत पुस्तकांबरोबर खेळसुद्धा होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फिरतं ग्रंथालय. मजबूत लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि रेल्वेने, नाहीतर मिळेल त्या वाहनाने गावाला पाठवायची. गावाने वाचून परत केली की दुसरी पेटी. वाहतुकीचा खर्च खात्याचा. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नने चित्रं दाखवायचे, सिनेमासुद्धा. आणि कायमचं ग्रंथालय हवं असेल तर हिशोब सरळ होता : एक वाटा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते हे ओळखून केलेली ही युक्ती. सरकारी स्कीम म्हटलं की आपल्याला वेगळंच काही आठवतं, पण इथे गावंच्या गावं पुढे आली.

मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत १९३१ मध्ये झाली. सिव्हिलवाल्यांनी ती जरूर बघावी. पुस्तकांच्या मांडण्या पोलादी, आणि मधल्या मजल्यांच्या फरशा काचेच्या! वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरतो आणि दिव्यांवर भार पडत नाही. ग्रीन बिल्डिंग हा शब्दही नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

राजाला सगळं जमलं असं मात्र नाही. १९१३ मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करारानुसार १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. ऑफिसातले शिपाई फायली लांबून टाकायचे. एका पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आलं आणि शेवटी ते बडोदा सोडून गेले. ज्या राज्यात पुस्तकाची पेटी खेड्यापर्यंत पोचत होती, तिथे राजाने स्वतः शिकवलेल्या माणसाला एक खोली मिळू नये! पेटी पाठवता येते, हुकूमही काढता येतो, पण घरमालकाचं मन हुकमाने उघडत नाही. चरित्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ या पानावर थांबले.

१९३२ मध्ये मराठी साहित्य संमेलन कोल्हापुरात भरलं, तेव्हा अध्यक्ष सयाजीरावच होते. म्हणजे बाराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवणारा मुलगा आपल्या गावात साहित्यिकांच्या व्यासपीठावर बसला होता. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९४५ मध्ये, भारतातला सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा झाला. तो बडोद्यात नाही, तर आपल्या कोल्हापूर संस्थानात.