शिंप्याच्या पोराचा उजेड

थ्री-डीमधला आपला पहिला डोंगर हमखास पुठ्ठ्यासारखा दिसतो. मग आपण चहूबाजूंनी लाइट वाढवत बसतो! यामागचं गणित मांडणारा योहान लॅम्बर्ट १७२८ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या म्युलूझला जन्मला. वडील शिंपी, बाराव्या वर्षी शाळा सुटली. पुढचं सारं शिक्षण स्वतःच्या बळावर. १७६० च्या ‘फोटोमेट्रिया’ ग्रंथासाठी त्यानं मेणबत्त्या, आरसे आणि नुसत्या डोळ्यांनी प्रकाश मोजला. किरण पृष्ठभागावर काटकोनात पडले तर पूर्ण उजेड. लंबापासून ६० अंश कलले तर निम्माच. १७७७ मध्ये, ४९व्या वर्षी तो बर्लिनला वारला. ‘माया’ सॉफ्टवेअरमधलं ‘लॅम्बर्ट’ मटेरियल त्याच्याच नावाचं. तेव्हा लाइट वाढवू नका, सूर्य एका बाजूला खाली आणा. एकेक उतार उठून दिसेल!