लोकमान्यांना न मिळालेली खुर्ची

१ ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून लोकमान्य टिळकांवरील भाषणांची तयारी सुरू होते. शेंगांच्या टरफलांची गोष्ट, स्वराज्याची ती प्रसिद्ध घोषणा, मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य एवढ्यात बहुतेक भाषणे आटोपतात. त्यात चूक काही नाही. पण एक साधा प्रश्न या भाषणांत सहसा येत नाही. ज्यांना सारा देश लोकमान्य म्हणत होता, ते राष्ट्रीय सभेचे, म्हणजेच काँग्रेसचे, अध्यक्ष कोणत्या साली झाले?

उत्तर असे की ते कधीच अध्यक्षपदावर बसले नाहीत. त्यांचे नाव मात्र तीन वेळा पुढे आले. दोनदा ते अडवले गेले. तिसऱ्यांदा रीतसर निवड झाली, पण अधिवेशनात खुर्चीवर दुसरेच गृहस्थ बसले. ही हकीकत आज सांगावी असे आम्हाला वाटले, कारण तिच्यातील एक महत्त्वाचे वळण आपल्या बेळगावात घडलेले आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. पुढे टिळकही शिक्षक झाले, हे आपल्या शाळेतील गुरुजनांना सांगायला नको. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्याबरोबर त्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. त्यांचा पहिला तुरुंगवासही आपल्या शेजारच्या कोल्हापूरमुळेच घडला. तेथील छत्रपती चौथे शिवाजी यांना दिवाण बर्वे यांच्या कारभारात छळ सोसावा लागतो, असे लिहिल्याबद्दल १८८२ साली टिळक व आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

१८८९ पासून टिळक काँग्रेसच्या कामात शिरले. १८९५ साली मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलावर ते निवडून आले. मतदार होते मध्य विभागातील लोकल बोर्डांचे सभासद. आपला चिकोडी तालुका बेळगाव जिल्ह्याबरोबर दक्षिण विभागात मोडत असल्याने इकडच्या कोणाला त्यांना मत देण्याची संधी नव्हती. तशी सामान्य माणसाला त्या काळी कोणालाच मत देता येत नव्हते. १८९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि कौन्सिल सुटले.

आता अध्यक्ष निवडायचे कसे, ते समजून घेऊ. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होण्याआधी प्रत्येक पक्षाच्या आतच उमेदवारीची निवडणूक होते. २००८ साली बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन हे दोन सिनेटर एकाच पक्षाच्या उमेदवारीसाठी महिनोन् महिने लढले, आणि कोण चालेल, कोण जिंकून आणील, यावर मतदार घरोघर वाद घालत होते. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी असा वाद होई तो काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून. अध्यक्ष एका वर्षापुरता असे. डिसेंबरअखेर ज्या गावी अधिवेशन भरायचे तेथे स्वागत समिती स्थापन होई. निरनिराळ्या प्रांतांच्या कमिट्या नावे सुचवीत आणि स्वागत समिती त्यांतून निवड करी. हातात सत्ता काहीच येत नसे. पण त्या वर्षी देशाच्या वतीने कोण बोलणार, हे त्यावरून ठरे. म्हणून वर्तमानपत्रांत, वाचनालयांत, वकिलांच्या बाररूममध्ये या नावांवर कडाक्याची भांडणे होत.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि काँग्रेसमध्ये मवाळ व जहाल असे दोन तट उघड पडले. १९०६ चे अधिवेशन कलकत्त्यास होते. बिपिनचंद्र पाल आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले, अध्यक्ष टिळकच हवेत. देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस त्या खुर्चीवर बसला तर सरकारला जे कळायचे ते कळेल, हा त्यांचा मुद्दा. मवाळांचा मुद्दाही ऐकण्यासारखा होता. राजद्रोहाची शिक्षा झालेला माणूस अध्यक्ष केला तर सरकार सभाच मोडून टाकील, विलायतेतील जे मित्र आपली बाजू मांडतात ते तुटतील आणि वीस वर्षांचे काम पाण्यात जाईल, अशी त्यांना भीती होती. आज आपण त्यांना भित्रे म्हणून मोकळे होतो. आमच्या मते ते तितकेसे न्यायाचे नाही. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनीही आयुष्ये वेचली होती.

सुरेंद्रनाथ आणि त्यांच्या मंडळींनी मग एक युक्ती केली. लंडनला तार करून त्यांनी दादाभाई नौरोजींना बोलावून घेतले. दादाभाईंचे वय तेव्हा ८१ होते आणि त्यांच्या नावाला विरोध करण्याचा विचारही कोणी करू शकत नव्हता. टिळकांचे नाव आपोआप मागे पडले. पण त्याच अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले. खुर्ची गेली तरी टिळकपक्षाचा कार्यक्रम सभेच्या दप्तरात आला.

दुसरी खेप १९०७ ची. अधिवेशन नागपूरला ठरले होते आणि तेथे टिळकांना मानणारे पुष्कळ होते. स्वागत समितीत तीन चतुर्थांश मते मिळाली तरच अध्यक्ष निवडला जाईल, असा नियम होता. तेवढी मते कोणत्याच बाजूकडे नव्हती. तंटा इतका वाढला की अधिवेशन सुरतेला हलवले गेले. सुरत मुंबई प्रांतात, टिळकही मुंबई प्रांतातले. ज्या प्रांतात अधिवेशन त्या प्रांताचा अध्यक्ष करायचा नाही असा संकेत होता, त्यामुळे टिळकांचे नाव तेथेच कापले गेले. टिळकांनी लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले. लालाजी नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. त्यांनी स्वतःच नकार दिला आणि डॉ. रासबिहारी घोष यांची निवड झाली.

सुरतेला २६ डिसेंबरला सूचनेला अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ उभे राहताच असा गोंगाट झाला की सभा दुसऱ्या दिवसावर टाकावी लागली. २७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवून बोलण्याची परवानगी मागितली. चिठ्ठीचे उत्तर आले नाही. तेव्हा टिळक सरळ व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून अध्यक्षांसमोर उभे राहिले. आपल्याला हरकतीची सूचना मांडायची आहे, एवढे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात खालून एक जोडा भिरभिरत आला. तो दक्षिणी पद्धतीचा जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर गेला. मग खुर्च्या आणि काठ्या चालल्या. टिळकांवर माणसे धावून आली तेव्हा त्यांना वाचवण्यासाठी हात पसरून आडवे आले ते गोखले. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद, त्यांच्याच अंगावरचा मार झेलायला ते उभे राहिले. सुरतेच्या गोष्टीतला हा भाग मुलांनी जोड्याच्या आधी लक्षात ठेवावा असे आम्हाला वाटते.

मवाळांनी पुढच्या वर्षी नवे नियम केले आणि टिळकपक्ष काँग्रेसबाहेर पडला. २४ जून १९०८ ला टिळकांना अटक झाली. सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले. ते तिकडे असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास आले.

आता बेळगावकडे येऊ. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले आणि नोव्हेंबरात फिरोजशहा गेले. डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात नियम सैल झाले आणि जहालांना परत येण्याची वाट मोकळी झाली. पण यायचे की नाही? आठ वर्षे बाहेर ठेवलेल्या माणसांच्या मनात राग होता. मवाळांच्या दारात आपण होऊन का जायचे, असे म्हणणारे टिळकांच्याच बाजूला थोडे नव्हते. हा वाद मिटवण्यासाठी एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावला प्रांतिक परिषद भरली. तिच्यामागे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे होते. नुकतेच आफ्रिकेतून आलेले गांधीजीही या परिषदेला हजर होते. काँग्रेसमध्ये परत जायचे, असा निर्णय येथे झाला. त्याच वेळी, २८ एप्रिलला, बेळगावातच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. काँग्रेसच्या खुर्चीसाठी ज्यांच्या नावावर दोनदा रण माजले, त्यांनी स्वतः काढलेल्या संस्थेची खुर्ची दुसऱ्याला दिली.

१ मे रोजी बेळगावला आणि महिन्याअखेर अहमदनगरला त्यांची व्याख्याने झाली. स्वराज्य म्हणजे काय, हे त्यांनी शेतकऱ्याला समजेल अशा घरगुती दाखल्यांनी सांगितले. त्याबद्दल सरकारने २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि १० हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात बॅरिस्टर जीनांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द झाला. १९१७ च्या एप्रिलपर्यंत लीगचे सुमारे १४ हजार सभासद झाले होते. पत्रके मराठीत निघत, तशी कानडीतही निघत. १९१५ च्या प्रांतिक परिषदेत गोखल्यांवरील दुखवट्याच्या ठरावाला पाठिंबा देण्यास आलूर नावाचे एक वक्ते उभे राहिले, तेव्हा टिळकांनी त्यांना कानडीतच बोलायला सांगितले होते. प्रत्येक भाषेचा प्रांत वेगळा असावा, असे ते मानत. घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट माहीत असायला हवी.

टिळकांचे चरित्र सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे शाळेच्या अंकात शोभणार नाही. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी १८९१ साली विरोध केला. वेदोक्ताच्या वादात ते शाहू छत्रपतींच्या विरुद्ध उभे राहिले, आणि त्याची सल कोल्हापूर-निपाणी भागात पुष्कळ वर्षे राहिली. विरोधकांनी त्यांना तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवले, आणि लोकांनी तीच पदवी मानाची केली. पण ब्राह्मणेतर समाज कौन्सिलात स्वतंत्र प्रतिनिधी मागू लागला, तेव्हा याच टिळकांनी तेली-तांबोळ्यांना कायदेमंडळात कशासाठी जायचे आहे, अशा अर्थाचा सवाल जाहीर सभेत केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. आपल्याला अध्यक्षपदापासून अडवणाऱ्यांशी दहा वर्षे भांडलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या वाटेत उभे राहावे, हे आम्हाला पटत नाही. ‘लोकमान्य’ या शब्दातले लोक कोण, याचा विचार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

तिसरी खेप १९१८ ची. दिल्लीच्या अधिवेशनासाठी टिळकांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. या वेळी अडवणारे कोणी उरले नव्हते. पण त्याच सुमारास विलायतेत त्यांचा एक दावा उभा होता. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या पुस्तकात त्यांना हिंदुस्थानातील असंतोषाचे जनक ठरवून बदनामीकारक मजकूर लिहिला होता, त्याविरुद्धचा हा दावा. शिवाय हिंदुस्थानला द्यायच्या सुधारणांचा कायदा पार्लमेंटात यायचा होता, आणि तेथे आपली बाजू मांडणारे कोणी हवे होते. त्याच वर्षी लीगच्या शिष्टमंडळाला सरकारने कोलंबोहून परत पाठवले होते. दाव्याच्या निमित्ताने मिळालेली परवानगी सोडली तर पुन्हा मिळेलच, याची खात्री नव्हती. एकीकडे बारा वर्षे हुलकावणी देणारी खुर्ची, दुसरीकडे लंडनची बोट. टिळक सप्टेंबर १९१८ मध्ये बोटीने निघाले. डिसेंबरात दिल्लीला अध्यक्षपदावर पंडित मदनमोहन मालवीय बसले.

फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक दावा हरले आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. तरीही ते वर्षभर लंडनला राहिले, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले, सभा घेतल्या. नोव्हेंबर १९१९ मध्ये परतल्यावर ते अमृतसरच्या अधिवेशनास गेले, तेथे अध्यक्ष होते मोतीलाल नेहरू. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढे डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावला भरले. गंगाधरराव देशपांडे यांच्याच खटपटीने ते झाले. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. अधिवेशनाला आलेल्या लोकांना पाणी पुरावे म्हणून तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर बेळगावच्या टिळकवाडी भागात आहे. पालकांपैकी कोणी मुलांना घेऊन बेळगावला जाणार असतील, तर थोडा वेळ काढून ती दाखवावी.